गोधडी अंथरायला जागा

जतन हा शब्द कोणी माझ्यासमोर काढला की मी आधी त्या माणसाच्या पायांकडे बघते. फरशीवर बायका कामाला बसल्या असताना त्याने चपला काढल्यात का, एवढंच मला बघायचं असतं. बहुतेकांनी काढलेल्या नसतात.

आमची वस्ती हुडकेश्वरच्या रस्त्याला आतल्या अंगाला आहे. चहूबाजूंनी फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या, त्यांना नर्मदा, गोदावरी अशी नावं पडली आणि आमच्याकडचं पाणी त्यांच्या टाक्यांत जाऊ लागलं. आमच्या गल्ल्या होत्या तशाच राहिल्या. वस्तीच्या मधोमध विहार आणि विहाराला लागून सभागृह. वर टिनाचे पत्रे, खाली कोटा फरशी. साखरपुडे, बारशी, गेलेल्यांचं पुण्यानुमोदन, निवडणुकीच्या सभा, सगळं तिथेच. पण दुपारी ते रिकामं असायचं, आणि रिकाम्या दुपारी ते माझ्या मोठ्या मावशीचं असायचं.

मोठी मावशी ही आईची थोरली बहीण. सावनेरकडच्या खाणीच्या गावात दिली होती. नवरा गेल्यावर मुलाकडे नागपूरला आली, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीत पलंग, फ्रिज, कूलर आणि नातवाचं अभ्यासाचं टेबल. उरलेल्या फरशीवर एक माणूस कसाबसा आडवा होतो. गोधडी होत नाही.

हे ज्यांना समजत नाही त्यांना वाटतं गोधडी मांडीवर शिवतात. मांडीवर शिवतात ती नंतर. आधी ती अंथरावी लागते. खाली जाड चादर, मध्ये फाटक्या लुगड्यांचे आणि परकरांचे थर, वर त्यातल्या त्यात धड असलेली साडी. चौघी जणी चार कोपऱ्यांवर गुडघे टेकून ओढतात, एकही सुरकुती ठेवत नाहीत, आणि मग मधून कडेकडे कच्चे टाके घालत जातात. ते टाके पूर्ण होईपर्यंत गोधडी जागची हलवायची नाही. हलवली की आतले थर सरकतात आणि पुढे जन्मभर ती पांघरणाऱ्याच्या पायाशी गोळा होते. टाके पडले की घडी घाला, घरी न्या, टीव्हीसमोर बसून शिवा, कोणी अडवत नाही. पण ती पहिली दुपार फरशीशिवाय निघत नाही. या धंद्याला भांडवल लागतं ते एवढंच, मोकळी फरशी.

मावशीला या कामाचं प्रेम वगैरे होतं असं मी लिहिणार नाही. ती गुडघ्यांना शिव्या द्यायची, सुयांना द्यायची, फाटके कपडे न धुता आणून देणाऱ्या गिऱ्हाइकांना तर तोंडावर द्यायची. नातीने सुई धरली तर हातावर चापट मारायची. "हे शिकून का करशीन वं? माह्यासारखे गुडघे पाहिजे काय?" चार पैसे सुटतात, घरातून चार तास सुटका होते, आणि सुनेबद्दल बोलायला तिघींचे कान मिळतात, म्हणून ती करायची. काटोलच्या एका संत्रेवाल्याच्या घरच्या बाई दरवर्षी बसने कपड्यांचं बोचकं घेऊन यायच्या. घरात कोणी गेलं की त्या माणसाच्या साड्या-धोतरांची गोधडी करून घ्यायच्या आणि लेकीसुनांना द्यायच्या. मावशी त्यांच्यासमोर बोचकं उघडून एकेक कपडा झटकायची. "ही तुमची सासू होय? हिनं त साडी फाटूस्तोवर नेसली. याच्यात का शिवू मी, हवा?" काटोलच्या बाईही हसायच्या. सासू त्यांनाही फारशी आवडत नसावी.

मी वाढले ते पत्रकांवर. आमच्याकडे वर्तमानपत्र शेजाऱ्यांचं यायचं, पत्रकं मात्र घरची. बाबा नोकरी सांभाळून चळवळ करायचे. खरं तर चळवळ सांभाळून नोकरी. 'निषेध' हा मला सलग वाचता आलेला पहिला मोठा शब्द. बाबांच्या जुन्या पत्रकांपैकी एक मला अजून पाठ आहे. 'भगिनींनो, सुई सोडा, लेखणी धरा' असा मथळा होता. जो धंदा जन्माने गळ्यात पडतो तो कला म्हणून कोणी गौरवला तरी त्यातला फास तोच राहतो, असं बाबांनी लिहिलं होतं. मला ते तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं.

म्हणूनच हिवाळ्याच्या सुरुवातीला बाबांनी नव्या पत्रकाचा कच्चा मजकूर माझ्यापुढे तपासायला टाकला तेव्हा मला आधी वाटलं, हे दुसऱ्या कोणाचं आहे. 'आपल्या मायभगिनींच्या बोटांतला वारसा जपू या.' शहराच्या त्या बाजूची, म्हणजे जिथे रस्त्यांवर झाडं आहेत त्या बाजूची, एक संस्था आमच्या सभागृहात हस्तकला जतन केंद्र काढणार होती. बाबा सभागृह सांभाळणाऱ्या समितीचे सचिव. गोधडीला दालन मिळणार, बायकांना प्रशिक्षण मिळणार, आणि टिना काढून स्लॅब पडणार.

मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच लिहिलं होतं ना, सुई सोडा म्हणून?"

"तेव्हा बरोबर लिहिलं होतं."

"आणि आता?"

"आताही बरोबर आहे. पावसाळ्यात छप्पर गळते."

आई कणीक मळत होती. ती मागे न बघता म्हणाली, "बुढीले विचारलं काय कोणी? तिची दुपारची जागा हाये ते."

"तिच्यासाठीच त करून राहिलो ना सगळं!" बाबा ओरडले. बाबा चिडले की प्रमाण मराठी दाराबाहेर ठेवतात. "तिले सर्टिफिकेट भेटन, फोटो लागन. अजून का पाहिजे?"

"फरशी पाहिजे," आई म्हणाली. बाबांनी ते ऐकलं नाही. सचिवांना घरातलं ऐकू येत नाही, हे मी लहानपणापासून बघत आले आहे.

त्या पत्रकाच्या घड्या घालायला मी नकार दिला. बाबांनी त्या एकट्याने घातल्या. वाकड्या घातल्या.

मग संस्थेच्या बाई जागा बघायला आल्या. हातमागाची साडी, कपाळावर मोठं कुंकू, आणि प्रत्येकीला ताई. मावशी आणि तिघी जणी फरशीवर टाके घालत होत्या. बाई चपलांसकट गोधडीच्या कडेपर्यंत आल्या आणि दोन्ही हात छातीशी जोडून म्हणाल्या, "किती सुंदर! हे सगळं आपण हरवत चाललोय, नाही का?"

"कोन हरपलं?" मावशीने शेजारणीला विचारलं.

"काही नाही वं, त्या गोदडीचं बोलून राहिल्या."

"गोदडी त इथंच हाये."

बाईंनी विचारलं की त्या खाली बसून का काम करतात, पाठ दुखत नाही का.

"दुखते ना बाई. बसून दुखते, उभ्यानं दुखते, सुनेकडं पाह्यलं तरी दुखते."

सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत, त्यांनी बरोबरच्या मुलीला काहीतरी लिहून घ्यायला सांगितलं. मला त्या क्षणी त्यांचा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. त्या वाईट होत्या म्हणून राग आला असं नाही. समोरची बाई विनोद करते आहे हे त्यांना कळलंच नाही, कारण समोर कोणी विनोद करण्याइतकं जिवंत माणूस बसलं आहे असं त्यांनी धरलंच नव्हतं.

पंधरवड्यात टेम्पो आला. त्यातून लांब लोखंडी टेबलं उतरली, खुर्च्या उतरल्या, शिलाई मशिनी उतरल्या, आणि शेवटी सहा-सात जणांनी मिळून गोधड्या मांडून ठेवायचं एक काचेचं कपाट उतरवलं. ते एका भिंतीला ठोकून पक्कं बसवलं. टेबलं ओळीने मांडली. सगळं मांडून झाल्यावर मी दारात उभी राहून बघितलं तर फरशी दिसतच नव्हती. दाराला नवं कुलूप लागलं. चाबी बाबांकडे आणि संस्थेकडे. बायकांनी आठवड्यातून एका सकाळी यायचं, प्रशिक्षण घ्यायला. गोधडीचंच.

मावशी पहिल्या सकाळी गेली, मी सोबत होते. नवं कोरं छापील कापड समोर ठेवलं होतं. शिकवायला आलेली मुलगी माझ्याच वयाची, बोलायला चांगली. ती म्हणाली, आपण जेवणाच्या टेबलावर घालायचे पट्टे करू, त्यांना मागणी आहे. मावशीने थोडा वेळ शिवलं, मग पट्टा उचलून बघितला आणि विचारलं, "हे पांघरते कोन?"

"पांघरायचं नाही आजी, टेबलावर घालायचं."

"टेबलाले थंडी वाजते काय?"

मुलगी हसली. मला ती त्यासाठी आवडली. पण मावशी दुसऱ्या वेळी गेली नाही. काटोलच्या बाईंचं बोचकं तिच्या पलंगाखाली तसंच पडून होतं. त्यांच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि गोधडी बाळ घरी यायच्या आत हवी होती. मावशीने ती गच्चीवर अंथरून बघितली, वाऱ्याने उडाली. रस्त्यावर अंथरून बघितली, दुचाकीवाल्याने हॉर्न दिला आणि हिने त्याच्या सात पिढ्यांचं नाव घेतलं. विहारात अंथरायला ती तयार नव्हती. "बुद्धासमोर सुनेच्या चुगल्या करू काय मी?"

मी पत्रक लिहिलं. बाबांच्या समितीविरुद्ध, संस्थेविरुद्ध, त्या कपाटाविरुद्ध. कष्टकरी बाईची जागा काढून घ्यायची आणि तिची वस्तू काचेत ठेवायची, याला जतन म्हणत नाहीत, जप्ती म्हणतात, असं लिहिलं. एकही विशेषण वाया घालवलं नाही. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्या बायकांनी बाहेर थांबायचं, आत पाऊल टाकायचं नाही, असं मी घरोघर सांगत फिरले. सगळ्या हो म्हणाल्या. मावशीही म्हणाली, "हाव, हाव."

उद्घाटनाच्या सकाळी मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन पोचले, तर फाटकात कोणीच नव्हतं. आतून मावशीचा आवाज येत होता. झाडायला म्हणून सभागृह लवकर उघडलं होतं. पाहुण्यांच्या खुर्च्या मांडता याव्यात म्हणून टेबलं आधीच भिंतीकडे सरकवली होती. मधे फरशी मोकळी दिसल्याबरोबर ही पलंगाखालचं बोचकं घेऊन आली होती. गोधडी अंथरून झाली होती. चौघी चार कोपऱ्यांवर होत्या. मधले टाके पडायला लागले होते.

"मावशी! बाहेर थांबायचं ठरलं होतं ना?"

"थांबलो असतो वं. पन फरशी खाली दिसली."

"हा बहिष्कार आहे!"

"असन ना. तू कर. आमचं दुपारलोक होऊन जाईन."

बाबा आले. कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "मोठ्या बाई, हे उचला. पाहुणे फाटकात आले."

"उचलली त सरकते, जवाईबुवा. मंग काटोलवालीच्या नातवाच्या अंगावर हे ढेकळं ढेकळं होईन. तुमी सांगसान तिले?"

"अहो, खुर्च्या कुठं ठेवू मी?"

"डोक्शावर ठेवा."

तेवढ्यात पाहुणे आलेच. संस्थेच्या बाई सगळ्यात पुढे. त्यांनी फरशीवरचा प्रकार बघितला आणि आनंदाने टाळ्या वाजवल्या. "वा! तुम्ही प्रात्यक्षिकच ठेवलंय! सांगितलं नाहीत आम्हाला!" लगेच मोबाइल निघाले. प्रमुख पाहुणे चपलांसकट कडेला उभे राहिले आणि मागे गोधडी दिसेल असा त्यांचा फोटो काढला गेला. बाबांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला तो बघून मला गठ्ठा त्यांच्या अंगावर फेकावासा वाटला. मी पत्रकं वाटायला लागले. पाहुण्यांनी ती घेतली, न वाचता घडी केली आणि त्या घडीने वारा घेतला.

भाषणं उभ्याउभ्याच झाली. प्रमुख पाहुणे म्हणाले की संस्थेला भेट द्यायला बाहेरून मंडळी येतात, त्यांच्यासमोर या माताभगिनी अशाच बसल्या तर केंद्राला खरा प्राण येईल.

मावशीने मान वर केली. "असंच म्हंजे?"

"असंच. जमिनीवर. पारंपरिक."

"अन् पाहुणे नसले त?"

संस्थेच्या बाई म्हणाल्या, "मग आपलं प्रशिक्षण असतंच की, ताई."

मावशी सुई चादरीत खोचून उठली. तिला उठायला वेळ लागतो, तेवढा वेळ सगळे थांबले. "मंग असं करा बाई. तुमचे पाहुणे येतीन तवा आमी बसू. फोटो काढा, टाळ्या पिटा, काही म्हननार नाही. पन दुपारची चाबी माह्याजवळ राहीन. टेबलं आमी सरकवू, आमीच मांडू. जमते काय सांगा. नाही त हे चौघी आत्ताच पाठ करून बसते, काढा मंग पाठीचे फोटो."

तिघींनी लगेच पाठी केल्या. एकीने पदर पार डोक्यावरून ओढून घेतला. पाहुण्यांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी बाबांकडे. मग आई, जी कार्यक्रमाला यायची नाही म्हणून सकाळी सांगत होती, ती दारातून म्हणाली, "खिशात हाये त्याहिच्या."

बाबांनी चाबी काढून दिली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं.

संध्याकाळी मी मावशीशी भांडले. तिच्या खोलीत, पलंगावर बसून, कारण उभं राहायला जागा नव्हती. मी म्हटलं, तू स्वतःला विकलंस. तुला त्यांनी पिंजऱ्यातला पोपट केलं आणि तू वर कबूल करून आलीस. हक्काची जागा होती, ती तू खेळ दाखवायच्या बदल्यात मागून घेतलीस.

"हक्काची होती त कुलूप कसं लागलं वं?"

"म्हणूनच लढायचं होतं!"

"तू लढ. तुले कोन नाही म्हंते? तुझ्या पत्रकावर गोदडी अंथरता येते काय, सांग. येत असन त मी उद्या चाबी वापस करतो."

सून स्वयंपाकघरातून खुसखुसली. त्या दोघींचं एकमत झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते माझ्याविरुद्ध.

माझं मत बदललेलं नाही. ज्यांनी कुलूप लावलं त्यांच्याकडूनच चाबी घेऊन त्यांचे आभार मानायला लागणं, हा अपमान आहे. आणि जी वस्तू गळ्यातला फास होती ती फास म्हणून न सोडवता काचेत टांगणं, हा दुसरा. मी हे लिहिते, छापते, वाटते. बाबा आता माझी पत्रकं वाचतात आणि शुद्धलेखनाच्या चुका काढून परत देतात. आमचं बोलणं बहुतेक त्यावरच असतं.

चाबी मात्र मावशीच्या कमरेला आहे. दुपारी ती दार उघडते, आणि टेबलं सरकवावी लागतात. ती लोखंडी आहेत, त्यांचे पाय फरशीच्या सांध्यांत अडकतात, आणि चार म्हाताऱ्या बायकांचं अर्धं बळ तिथेच संपतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी जाते. संस्थेला शिव्या देत ढकलते, मावशी मला शिव्या देते, की फरशीवर ओरखडे पाडू नको. काम झाल्यावर टेबलं परत ओळीत लावायची. ओळ चुकली की दुसऱ्या दिवशी संस्थेची मुलगी फोन करते.

काचेचं कपाट तेवढं हलत नाही. ते भिंतीत ठोकलेलं आहे, आणि टेबलं कितीही रेटली तरी त्याच्यापासून पुढची फरशी पूर्वीइतकी उरत नाही. मावशीने पहिल्या काही दुपारी गोधडीची एक कड कपाटावर चढवून बघितली, कोपरा ताणला जाईना. मग तिने कापड मुडपायला सुरुवात केली. आता आमच्या वस्तीतल्या सगळ्या गोधड्या हातभर अरुंद निघतात. काटोलच्या बाईंनी विचारलं की या वेळी कूस बदलली की पाठ उघडी पडते, असं काहून? मावशीने सांगितलं, "तुमी जाडावल्या."

मागच्या आठवड्यात पाहुणे आले होते. मी टेबलं सरकवायला म्हणून आतच होते. संस्थेच्या बाईंनी कपाटातली, मावशीकडूनच नव्याने घेतलेली गोधडी काढून दोन्ही हातांनी पसरून दाखवली आणि सांगितलं की हा जो अरुंद आकार आहे ना, ही इथली खास परंपरा आहे, दुसरीकडे कुठे सापडत नाही. पाहुण्यांनी मोजपट्टी मागवली आणि माप लिहून घेतलं.